उपाशी मेंदूला समजावून काय उपयोग?

पोरगी जेवत नाही म्हटलं की आपल्याकडं पहिल्यांदा ‘नखरे’ म्हणतात आणि मग आईलाच धारेवर धरतात. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडत जाणं, हा मानसिक आजारांमधल्या सगळ्यात जीवघेण्या आजारांपैकी एक आहे हो, यात माणसं हृदय बंद पडून जातात, आत्महत्येनेही जातात. गायिका कॅरन कार्पेंटर याच आजाराने 1983 मध्ये गेली तेव्हा फक्त 32 वर्षांची होती.

उपाशी राहिल्यावर डोक्याचं काय होतं ते 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात दिसलं. महायुद्धामुळं उपासमार झालेल्या लोकांना परत कसं खाऊपिऊ घालायचं हे कळावं म्हणून अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 धडधाकट तरुण निवडले, सगळे युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून आलेले, आणि त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं. वजन साधारण पाव भागाने उतरलं, पण खरा धक्का वागण्याचा होता. पोरं पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, एवढंसं जेवण चिवडत ताणायची, मित्र नकोसे झाले, चिडचिड, उदासी, सारखी थंडी, नाडी मंद, एकाने तर कुऱ्हाडीने स्वतःची बोटं तोडून घेतली. म्हणजे यातलं बरंचसं निव्वळ उपासमारीमुळं होतं, स्वभावामुळं नाही! अ‍ॅनोरेक्सियात वर वजन वाढायची जबरदस्त भीती असते, ती या पोरांना नव्हती, म्हणून हा आजार त्याहून अवघड. अशा मेंदूपुढं ‘अगं आरशात बघ जरा’ म्हणून काय होणार?

बुलिमियात, म्हणजे एकदम खूप खाऊन मग उलट्या काढायच्या आजारात, तर वजन नॉर्मल दिसू शकतं त्यामुळं घरात पत्ताच लागत नाही, पण वारंवार उलट्या काढल्या की रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात.

आणि घरच्यांचे हाल कोण विचारतं? रोज दोन्ही वेळा ताटावरून रडारड, आईबाप एकमेकांवर खेकसतायत, धाकट्या भावाकडं कुणाचं लक्ष नाही, पाहुण्यांकडं जाणं बंद, रात्री पोरीचा श्वास चालू आहे ना ते बघायला उठायचं. वर ‘तुमच्यामुळंच झालं’ हे ऐकायचं. मला याचा खरंच राग येतो. लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलमधल्या टीमने 1980 च्या दशकात हा दोषाचा विषयच बाजूला ठेवला आणि आईवडिलांना उपचारात घेतलं, काही काळ मुलीने काय आणि किती खायचं ते पालक ठरवतात, सावरली की हळूहळू तिच्या हाती देतात. किशोरवयात, आजार नवा असताना याचा चांगला उपयोग होतो.

फक्त खूप दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीतच. पाळी बंद झाली, चक्कर येतेय, जेवल्याजेवल्या बाथरूम गाठतेय असं दिसलं तर वजन अजून उतरायची वाट बघू नका, ईसीजी आणि रक्ततपासणी लगेच करून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, कुठं जायचं ते सुचत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा.