"बोलेल की हळूहळू" असं किती दिवस म्हणायचं?

मूल दोन वर्षांचं झालं तरी नीट बोलत नाही असं आईने घरात नुसतं म्हणून बघावं, लगेच कुणीतरी सांगतं की अगं याचा बाबा पण तीन वर्षांचा होईपर्यंत गप्पच होता, आता बघ थांबतो का बोलायचा. बरं, हे खोटंही नसतं. दोन वर्षांच्या साधारण १० मुलांमागे एकाला तरी बोलायला उशीर होतो आणि त्यातली बरीच पुढे आपोआप बरोबरीच्या मुलांना गाठतात. पण कुठलं मूल गाठणार आणि कुठलं मागे राहणार हे त्या वयात तज्ज्ञांनाही खात्रीने सांगता येत नाही, म्हणून मला "थोडी वाट बघू" हा सल्ला अजिबात पटत नाही. तपासून घेतलं आणि सगळं ठीक निघालं तर चांगलंच आहे, पण मुलाला नीट ऐकूच येत नव्हतं हे वर्षभराने कळलं तर गेलेलं वर्ष कुठून आणणार?

आणि हे वर्ष फार महत्त्वाचं असतं, कारण भाषा शिकणं पहिल्या शब्दाच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. पोटात असताना शेवटच्या काही महिन्यांत बाळाला आवाज ऐकू येतात, जन्मल्यावर थोड्याच दिवसांत ते आईचा आवाज वेगळा ओळखतं. १९८४ साली कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे, तो आपल्याला तर चटकन कळेल. हिंदीतला त आणि ट आपल्या कानाला किती वेगळे लागतात, पण इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसांना त्यातला फरक सहज पकडता येत नाही. इंग्रजी घरातल्या ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना मात्र तो कळत होता, आणि १० ते १२ महिन्यांच्या बाळांमध्ये ही क्षमता जवळजवळ गेलेली होती. म्हणजे बाळ एक शब्दही बोलायच्या आत मेंदूने आपल्या घरची भाषा कुठली ते ठरवून बाकीचे आवाज बाजूला टाकायला सुरुवात केलेली असते. आता ज्या बाळाला नीट ऐकूच येत नाही त्याचा मेंदू कशावरून शिकणार?

म्हणून सगळ्यात आधी कान. "दार आपटलं की दचकतो, त्याला ऐकू येतं" हा पुरावा धरू नका, दचकतो तो हादऱ्यानेही. ज्यांना ऐकू येत नाही ती बाळंही सुरुवातीला आ-ऊ करतात, त्यामुळे आईबाबांना शंकाच येत नाही, फक्त ६ ते १० महिन्यांत जे "बाबाबा, दादादा" सुरू व्हायला हवं ते रेंगाळतं. दर हजार बाळांमागे १ ते ३ बाळं कानाचा लक्षणीय दोष घेऊन जन्मतात. शिवाय जन्मल्यावरची टेस्ट पास झाली म्हणजे विषय संपला असंही नाही, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि पाण्याखाली ऐकल्यासारखं अस्पष्ट ऐकू येतं, एक आठवडा बरं, एक आठवडा वाईट, आणि घरचे म्हणतात लक्षच देत नाही, हट्टी आहे. बाळाला ऐकू येतं का हे तपासणारी बेरा (BERA) नावाची टेस्ट बाळ झोपलेलं असताना होते, दुखत नाही.

शब्द मोजताना पण गडबड होते. "भूभू", "माऊ", "मम" हे सगळे शब्दच आहेत, उच्चार कसाही असो, तो आवाज दरवेळी त्याच गोष्टीसाठी आला की मोजायचा. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले मिळून मोजायचे, दोन भाषांमुळे मूल मागे पडतं हा समज चुकीचा आहे. पण मी आईबाबांना शब्दांपेक्षा बोटाकडे बघायला सांगेन. आकाशात विमान दिसलं की मूल बोट दाखवतं आणि मग वळून तुमच्याकडे बघतं का? शब्द नसतानाही ते तुम्हाला काहीतरी सांगतंय. समजतं सगळं, खुणा भरपूर, फक्त शब्द कमी, अशा मुलाची काळजी थोडी कमी. हाक मारल्यावर बघत नाही, १८ महिन्यांतही बोट दाखवत नाही, साधं "बॉल आण" कळत नाही, तर दोन वर्षांची वाट बघूच नका, तेव्हा कानाबरोबर ऑटिझमसाठीची तपासणीही करून घ्यायची. १८ महिन्यांत एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा दोन वर्षांत ५० पेक्षा कमी शब्द, किंवा "बाबा गेला" असे दोन शब्द जोडत नाही, तरी दाखवायचं. आणि येत असलेले शब्द गेले तर वय कुठलंही असो, लगेच.

मोबाइलबद्दल एकच सांगते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या टीमने ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली, समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेली बाळं त्यातले आवाज ओळखायला शिकली, तेच व्हिडिओवर बघितलेली शिकलीच नाहीत. तेव्हा गाण्यांच्या व्हिडिओतून भाषा येईल या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा मूल "गाडी" म्हणालं की "हो, लाल गाडी चालली" म्हणा आणि मग थांबा, मनात पाच आकडे मोजेपर्यंत, त्याला त्याची पाळी घेऊ द्या. सारखं "म्हण बॉल, म्हण बॉल" केलं की मूल परीक्षेला बसल्यासारखं गप्प होतं.

आधी मुलांच्या डॉक्टरांकडे जा, मग ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येणं तपासणारे तज्ज्ञ) आणि स्पीच थेरपिस्ट. नव्या जागी मुलं बहुतेक तोंड उघडत नाहीत, म्हणून जाण्याआधी आठवडाभर त्याचे सगळे शब्द कागदावर लिहून ठेवा आणि घरी खेळताना दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या.