एअरबॅगसमोर बाळाची सीट का नको? एका इशाऱ्याची पार्श्वभूमी

१९५२ च्या वसंत ऋतूत जॉन हेट्रिक हे अमेरिकन अभियंते पेनसिल्व्हेनियात पत्नी आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन गाडीने फिरायला निघाले होते. मुलगी पुढच्याच सीटवर, दोघांच्या मध्ये. रस्त्यातला दगड चुकवताना गाडी कडेच्या चरात गेली आणि त्या क्षणी दोघांचेही हात आपसूक लेकीच्या पुढे गेले. ब्रेक लागला की शेजारच्या पोराच्या छातीवर हात ठेवायला आपल्याकडेही कुणा आईबापाला शिकवावं लागत नाही. हे काम एखादी फुगणारी उशी करू शकेल का, या विचाराने हेट्रिक यांनी आराखडा काढला आणि ऑगस्ट १९५३ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. म्हणजे एअरबॅगची कल्पना सुचली ती पुढच्या सीटवरच्या एका मुलीमुळे. चाळीस वर्षांनी हीच वस्तू पुढच्या सीटवरच्या मुलांचे जीव घेऊ लागली. सनव्हायझरवर बाळाच्या सीटचं फुली मारलेलं चित्र असतं ना, त्यामागे ही सगळी हकीकत आहे.

मुलांची सीटही साधारण त्याच काळात आकाराला आली. तोवर गाडीत मुलांसाठी मिळणाऱ्या खुर्च्या मूल उंच बसावं, त्याला बाहेरचं दिसावं आणि त्याने चुळबुळ करू नये, एवढ्यासाठीच असत. अपघाताचा विचार करून सीट घडवणाऱ्यांत स्वीडनचे डॉ. बर्टिल ऑल्डमन हे मोठं नाव. अंतराळवीर उड्डाणाचा प्रचंड जोर पाठीवर झेलतात, हे पाहून त्यांना पाठमोऱ्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशा सीटची कल्पना सुचली. १९६४ च्या सुमारास त्यांच्या सीटच्या चाचण्या झाल्या आणि १९७२ मध्ये व्होल्वोने अशी सीट बाजारात आणली.

त्यामागचं कारण प्रत्येक आईबापाने समजून घ्यावं असं आहे. तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि जड असतं, आणि मान अजून कोवळी. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्याने अडतं, पण डोकं पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. बाळ पाठमोरं असेल तर पाठ, मान आणि डोकं एकाच वेळी सीटच्या पाठीत दाबलं जातं, धक्का वाटला जातो. म्हणूनच स्वीडनमध्ये मुलांना चार वर्षांची होईपर्यंत पाठमोरं बसवायची पद्धत रुजली. ही सीट बहुतेक वेळा पुढेच, ड्रायव्हरशेजारी, डॅशबोर्डला टेकवून लावत. तेव्हा ते ठीकच होतं, कारण त्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग नव्हती.

याच ऑल्डमन यांनी १९७४ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध मांडला. विषय होता, एअरबॅग फुगताना तिच्यासमोर उभ्या असलेल्या मुलाचं काय होईल. मुलांच्या जागी डुकरं वापरून चाचण्या केल्या होत्या आणि त्यात काही डुकरं दगावली. मला या इतिहासात सगळ्यात जास्त सलते ती हीच गोष्ट. अमेरिकेत जनरल मोटर्स एअरबॅगच्या पहिल्या काही हजार गाड्या विकत होती त्याच काळात हा धोका कागदावर आलेला होता.

तरी पुढे जे झालं त्याचं मूळ अमेरिकेच्या नियमात आहे. तिथे बहुसंख्य लोक पट्टा लावत नसत. म्हणून एअरबॅगची परीक्षा ठरली ती अशी: मध्यम बांध्याच्या पुरुषाएवढा पुतळा, पट्ट्याविना, ताशी ४८ किलोमीटर वेगाची धडक. एवढ्या वजनाचा माणूस काचेवर आदळण्याआधी अडवायचा तर पिशवी मोठी हवी आणि झपाट्याने फुगायला हवी. ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर येते आणि सेकंदाच्या विसाव्या भागात काम संपवते. १९९१ च्या कायद्याने पुढच्या दोन्ही एअरबॅगा टप्प्याटप्प्याने सर्व नव्या गाड्यांत सक्तीच्या झाल्या.

आता त्याच जागी पाठमोरी सीट ठेवून पाहा. सीटची पाठ डॅशबोर्डपासून वीतभर अंतरावर, आणि त्या पाठीला लागूनच बाळाचं डोकं. पिशवीचा मार सगळ्यात जोराचा असतो तो बाहेर पडतानाच, आणि तो नेमका तिथेच बसतो. मोठं मूल पट्टा न लावता बसलेलं असेल तर दुसरीच गत होते: धडकेआधी कचकन ब्रेक लागतो, मूल पुढे सरकून डॅशबोर्डला चिकटतं आणि मग एअरबॅग उघडते. १९९३ पासून अमेरिकेत अशा मृत्यूंच्या नोंदी होऊ लागल्या. त्यातल्या कित्येक धडका इतक्या किरकोळ होत्या की गाडीतल्या मोठ्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं.

मग पावलं उचलली गेली. १९९६ मध्ये ठळक इशाऱ्यांचा आदेश निघाला, १९९७ मध्ये एअरबॅगचा जोर कमी करायची मुभा मिळाली, १९९८ पासून पालकांना एअरबॅग बंद करायचं बटण बसवून घेता येऊ लागलं. २००० मध्ये नवा नियम आला आणि २००६ पर्यंत सीटवर कोण बसलंय हे ओळखून एअरबॅग आवरणारी किंवा बंद ठेवणारी यंत्रणा गाड्यांमध्ये आली. १९९० ते २००८ या काळात तिथे कमी वेगाच्या धडकांत एअरबॅगमुळे २९० हून अधिक माणसं गेली, त्यातली जवळजवळ ९० टक्के १९९८ पूर्वी बनलेल्या गाड्यांत. युरोपने २००३ च्या निर्देशाने सरळ बंदी घातली: समोरची एअरबॅग बंद केलेली नसेल तर त्या जागी पाठमोरी सीट लावायची नाही.

आपल्याकडे क्रम उलटा लागला. अमेरिकेत टेनेसी राज्याने मुलांच्या सीटचा कायदा १९७८ मध्येच लागू केला होता आणि १९८५ पर्यंत सगळ्या राज्यांत तसे कायदे झाले होते; एअरबॅग नंतर घरोघरी पोचली. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटची २०२१ मध्ये. मोटार वाहन कायद्यातलं १९४ ब हे कलमही २०१९ चंच. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या सीटने बांधलेलं नसेल तर हजार रुपये दंड, असं ते सांगतं. पण गाडीबरोबर एअरबॅग आपोआप आली, सीट मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. त्यामुळे लग्नाला, देवदर्शनाला, गावाला जाताना पुढे आईच्या मांडीवर बाळ, नाहीतर डॅशबोर्डला धरून उभं असलेलं पोर हे दृश्य तसंच राहिलं. १९७४ च्या त्या निबंधातलं उभं मूल ते हेच.

२०२४ मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आईच्या मांडीवर पुढे बसलेली दोन वर्षांची मुलगी एअरबॅग उघडल्यावर गेली. त्याच वर्षी डिसेंबरात नवी मुंबईत, वाशीला, पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा तसाच दगावला. गाडीतल्या इतरांना फारसं लागलं नव्हतं. दोन्ही घरांतल्या माणसांना दोष देण्याचं धाडस मला होत नाही. एअरबॅग मोठ्या माणसाच्या मापाने बनते, हे गाडीची किल्ली हातात देताना शोरूममध्ये स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि ते क्वचितच सांगितलं जातं.

त्यामुळे पालकांनी स्वतःच पाहून घ्यावं. काही गाड्यांत शेजारच्या एअरबॅगचं बटण असतं, बहुधा डॅशबोर्डच्या डाव्या कडेला, दार उघडल्यावरच दिसेल असं, आणि ते किल्लीने फिरवावं लागतं. बंद केल्यावर डॅशबोर्डवर तसा दिवा लागतो. असं बटण नसेल तर पाठमोरी सीट पुढे लावायचीच नाही. मागच्या सीटवर, खिडकीकडच्या जागेत, पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घातला की बऱ्याच नव्या गाड्यांत आयसोफिक्सच्या दोन लोखंडी कड्या लागतात. बाळाची सीट तिथे अडकवायची. तेरा वर्षांची होईपर्यंत मुलांना मागेच, आणि पट्टा लावूनच बसवावं, अशी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे.