पाऊल व घोट्याच्या दुखापती आणि विकार : अस्थिशल्य संशोधन

पाऊल व घोट्याच्या दुखापती आणि विकार हा अस्थिशल्यशास्त्राच्या एका उपशाखेचा विषय आहे. नडगीच्या खालच्या टोकापासून पायाच्या बोटांपर्यंतची हाडे, सांधे, अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे) आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) यांना होणारी इजा, जन्मजात व्यंगे, झीज, तसेच मधुमेहासारख्या आजारांनी होणारे नुकसान यांचा अभ्यास तिच्यात येतो. एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. दोन्ही पावले मिळून शरीरातल्या हाडांचा चौथा हिस्सा होतो. तरीही खुबा आणि गुडघ्याच्या मानाने हा भाग फार काळ सावत्रच राहिला. अमेरिकेत या विषयाला वाहिलेली संघटना १९६९ मध्ये निघाली, तिचे नियतकालिक १९८० मध्ये. पाऊल कुठल्या जमिनीवर पडते, पायात काय घातलेले असते आणि माणूस पोटासाठी काय करतो यावर त्याचे दुखणे ठरते. म्हणून या नोंदीत विषयाचा आढावा गोव्याच्या अंगाने घेतला आहे.

गोव्यात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण जुने. पणजीची ‘एस्कोला मेदिको-सिरुर्जिका’ १८४२ ची. तिचीच पुढची पिढी म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज, म्हणजेच सगळ्यांच्या तोंडचे ‘गोमेकॉ’. घोट्याच्या अस्थिभंगाचा अभ्यास मात्र त्याहून जुना आहे. लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७६८ मध्येच त्याचे वर्णन केले होते. क्ष-किरण आल्यावर (१८९५) चित्र पालटले. लिव्हरपूलच्या रॉबर्ट जोन्सने १९०२ मध्ये करंगळीच्या मागच्या लांब हाडाच्या मोडीवर निबंध लिहिला. त्यातला पहिला रुग्ण तो स्वतः होता. नाचताना त्याचे पाऊल वळले होते. धालोच्या (बायकांच्या लोकनृत्याच्या) मांडावर किंवा फुगडीत ‘पाय वळला’ म्हणून बाजूला बसलेल्या बाईचे दुखणे अनेकदा याच जागी असते आणि लचक समजून ते दोन-दोन आठवडे चोळले जाते. डॅनिश संशोधक लाउगे-हान्सेन याने मृतदेहांचे घोटे ठरावीक दिशांनी पिळून मोडले आणि हाड कोणत्या क्रमाने तुटते याची वर्गवारी १९५० मध्ये मांडली. ती आजही शिकवली जाते.

घोटा मुरगळणे ही यांतली सगळ्यात नेहमीची इजा. पाऊल आतल्या बाजूला वळते आणि बाहेरच्या घोट्यासमोरचा अस्थिबंध ताणतो किंवा फाटतो. गोव्यात तिला निमित्ते भरपूर : पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या, कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) उतरत्या पायवाटा आणि अर्थात फुटबॉल. २०१२ मध्ये तो राज्याचा अधिकृत खेळ झाला, पण भातकापणीनंतर मोकळ्या पडलेल्या शेतात, ढेकळांवर, अनवाणी किंवा फाटक्या बुटांनी तो कधीपासून खेळला जातो. मुरगळल्यावरचा क्रमही ठरलेला असतो : आधी आंबेहळदीचा लेप, मग हाडवैद्य, आणि सूज उतरेना म्हणून तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक्स-रे.

एक्स-रे नक्की कोणाचा काढावा, हा साधा वाटणारा प्रश्न कॅनडातल्या ओटावा शहरातल्या संशोधकांनी १९९२ मध्ये सोडवला. त्यांचे नियम कुठल्याही आरोग्यकेंद्रात, वीज नसतानाही वापरता येतात. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या उंचवट्याची मागची कड टोकापासून सहा सेंटिमीटर वरपर्यंत बोटाने दाबत जायची. पुढची बाजू दाबायची नाही. तिथे अस्थिबंध फाटलेला असतो, त्यामुळे तिथे दुखणारच. मग पावलाच्या आतल्या कडेचे नौकेसारखे हाड आणि करंगळीमागच्या हाडाचे मूळ दाबायचे. हाडावर दुखले नाही आणि माणूस लंगडत का होईना चार पावले टाकू शकला, तर एक्स-रे लागत नाही. ही परीक्षा मोड सहसा चुकवत नाही आणि विनाकारण काढल्या जाणाऱ्या एक्स-रेंची संख्या बरीच खाली आणते. लहान मुले, दारू प्यालेला माणूस किंवा पायाची संवेदना गेलेला मधुमेही यांच्या बाबतीत मात्र तिच्यावर विसंबू नये.

मुरगळलेल्या पायाला सहा आठवडे प्लॅस्टर, ही जुनी रीत संशोधनाने मोडीत काढली. पट्टा बांधून लवकर हालचाल आणि तोल सावरण्याचे व्यायाम यांनी माणूस लवकर कामावर जातो. एका पायावर उभे राहून दात घासायला सांगणारी फिजिओथेरपिस्ट थट्टा करत नसते. वारंवार मुरगळणारा, सैल झालेला घोटा राहिलाच तर स्वीडिश शल्यविशारद ब्रॉस्ट्रम याने १९६६ मध्ये सांगितलेली अस्थिबंध-दुरुस्ती आहे. जुन्या खेळाडूंच्या घोट्यासमोर हाडाचे काटे वाढून पाऊल वर उचलताना कळ येते, त्याला शल्यविशारद मॅकमरे याने १९५० मध्ये ‘फुटबॉलपटूचा घोटा’ असे नावच दिले. आता ते काटे दुर्बिणीतून घासून काढतात.

टाचेच्या हाडाची मोड ही उंचावरून पडणाऱ्यांची. गोव्यात नारळ पाडणारे पाडेली आणि माडाची सूर (ताडी) काढणारे रेंदेर हे या इजेचे जुने धनी, आता त्यांत बांधकामावरच्या परांचींवरून पडणारे मजूरही आले. माडावरून सुटलेला माणूस टाचांवर आदळतो. घोट्यातले टॅलस हे हाड पाचरीसारखे खाली घुसते आणि टाचेचे हाड फुटून रुंद व बुटके होते. अशा माणसाचा पाठीचा कणा तपासल्याशिवाय त्याला घरी धाडू नये. तोच धक्का वर कमरेपर्यंत गेलेला असतो. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर टाचेच्या हाडाच्या वरच्या कडेला दोन रेषा मारून मधला कोन मोजतात. व्हिएन्नाच्या बोलर याने १९३१ मध्ये सांगितलेला हा कोन निरोगी पायात २० ते ४० अंशांचा असतो. मोडलेल्या टाचेत तो सपाट होतो, कधी उलटाही होतो. शल्यविशारद सँडर्सने १९९३ मध्ये सीटी स्कॅनवरून तुकडे मोजून प्रतवारी केली आणि त्यानंतर प्लेट-स्क्रू लावून हाड पुन्हा उभे करण्याची लाट आली.

त्या लाटेला ब्रिटनमधल्या एका चाचणीने २०१४ मध्ये लगाम घातला. सांध्यापर्यंत गेलेली मोड असलेल्या १५१ रुग्णांपैकी कोणाला शस्त्रक्रिया, कोणाला विनाशस्त्रक्रिया उपचार, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरवले गेले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या वेदनेत आणि चालण्यात फरक नव्हता. गुंतागुंत मात्र शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के आणि दुसऱ्या गटात ४ टक्के. टाचेच्या बाहेरच्या बाजूची कातडी पातळ असते, तिला रक्त कमी मिळते. तिथे लांब छेद घेतला की जखम काळी पडण्याची भीती, त्यात विडी-सिगारेट आणि साखर असली तर विचारायलाच नको. पाऊल फारच वेडेवाकडे झालेले किंवा उघड्या जखमेचे रुग्ण या चाचणीत नव्हते, हे तिचा दाखला देणारे बरेचदा विसरतात. एक्स-रेवरचे सुंदर हाड आणि चालता पाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तिने लख्ख दाखवले.

टॅलसची स्वतःची मोड विरळा, पण खोडसाळ. या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही आणि त्याचा बराचसा पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी. या हाडाची मान, म्हणजे त्याचा अरुंद भाग, मोडली की उरलेले हाड मरू शकते. शल्यविशारद हॉकिन्सने १९७० मध्ये या धोक्याच्या पायऱ्या लावून दिल्या. टाचेमागची अकिलिस कंडरा तुटते तेव्हा माणूस मागे वळून ‘कोणी मारले?’ म्हणून पाहतो. त्याला पालथे झोपवून पोटरी दाबायची. पाऊल हलले नाही तर कंडरा तुटली. नॉर्वेतल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले वर्षभराने सारखेच चालत होते. शस्त्रक्रियेविना पुन्हा तुटण्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, शस्त्रक्रियेनंतर १ टक्क्याच्या आत. मज्जातंतूला इजा मात्र शस्त्रक्रियेच्या गटांत जास्त.

गोव्यापुरते पाहिले तर या विषयाचा सगळ्यात जड भाग मधुमेहाचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात प्रौढांमधले मधुमेहाचे प्रमाण गोव्यात २६.४ टक्के निघाले. देशात सर्वांत जास्त, आणि ११.४ टक्क्यांच्या राष्ट्रीय प्रमाणाच्या दुपटीहून अधिक. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. वैशाखात दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाचे पाय आपोआप उचलले जातात. ज्याचे पाय बधिर आहेत तो मात्र संथपणे चालत राहतो आणि घरी आल्यावर मोजा नाहीतर चादर ओली दिसते तेव्हा तळव्याचा फोड कळतो. देवदर्शन सोडायला सांगणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. सकाळी लवकर जा, जाड मोजे घाला असे सांगणारा पाय वाचवतो.

बधिरपणा ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा तळव्यावर टेकवायचा, तो धनुष्यासारखा वाकेपर्यंत दाबायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाला ‘कळले का?’ विचारायचे. जिथे कळत नाही तिथे पुढे व्रण होण्याची शक्यता मोठी. व्रण का होतो, याचे उत्तर मधुमेहाच्या नव्हे, कुष्ठरोगाच्या रुग्णांकडून मिळाले, आणि तेही भारतात. १९४६ मध्ये वेल्लोरला आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवले, की बोटे रोगाने सडून गळत नाहीत. वेदना नसल्याने माणूस त्याच जागेवर चालत राहतो आणि दाबाने मांस मरते. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला आणि तळव्याला सगळीकडून घट्ट बसणारे प्लॅस्टर, हे कुष्ठरोगातले उपाय मग मधुमेहात आले. अशा प्लॅस्टरने दाब एका जागी न पडता पसरतो. व्रणावर मलम बदलत राहण्यापेक्षा त्यावरचा भार काढणे महत्त्वाचे, हे या संशोधनाचे सार असूनही वॉर्डात मलमांचीच चर्चा जास्त चालते.

शार्को पाऊल, म्हणजे बधिर पावलाची हाडे-सांधे खचत जाण्याचा विकार, हा याच वाटेवरचा चकवा. पाऊल लाल, सुजलेले, गरम, पण दुखत फारसे नाही, आणि सुरुवातीचा एक्स-रे साफ असू शकतो. जंतुसंसर्ग म्हणून प्रतिजैविके दिली जातात, रुग्ण चालत राहतो आणि काही आठवड्यांत कमान कोसळून तळवा होडीसारखा बाहेर फुगतो. इथे त्वचेचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर कामाचा. दोन पावलांच्या त्याच जागी सुमारे दोन अंश सेल्सिअसहून जास्त फरक दिसला, की चालणे थांबवून पाय प्लॅस्टरमध्ये घालावा.

अनवाणी चालणे सरसकट वाईट, असे मात्र नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधल्या राव आणि जोसेफ यांनी १९९२ मध्ये २,३०० मुलांचे पायाचे ठसे तपासले. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी वाढणाऱ्यांत २.८ टक्के. महागडे ‘कमानीचे बूट’ घालून लहान मुलांना हिंडवणाऱ्या आईबापांनी ही आकडेवारी वाचायला हवी. दुसरी बाजूही आहे. चिखलातले काटे आणि मातीतली बुरशी अनवाणी पायातून आत जाते आणि मदुरा पाऊल होते : गाठी, पाझरणारी छिद्रे, त्यांतून पडणारे रंगीत कण. मुंबईतल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर याने १८६० च्या सुमारास हा बुरशीचा रोग म्हणून मांडला. इंग्रजी शरीररचनाशास्त्राच्या सर्वांत गाजलेल्या ग्रंथाची चित्रे याच माणसाने काढली होती.

जन्मतः आत वळलेले पाऊल साधारण हजार मुलांत एकाला असते. आयोवातले इग्नासियो पोन्सेती यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी, मोठ्या शस्त्रक्रियेऐवजी दर आठवड्याला हलक्या हाताने पाऊल वळवून प्लॅस्टर बदलण्याची पद्धत सुरू केली. पाच-सहा प्लॅस्टरनंतर बहुतेक बाळांची अकिलिस कंडरा छोट्या छेदाने सैल करतात, मग दांडीने जोडलेले बूट. तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत रात्री. सहकाऱ्यांनी तीस-चाळीस वर्षे तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९९५ मध्ये, सरासरी चौतीस वर्षांच्या झालेल्या त्याच्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. ७८ टक्क्यांची पावले चांगली होती. जन्मतः निरोगी पाय असलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के. पद्धत फसते ती बहुधा बुटांवर. बाळ रडते, आजी म्हणते ‘काढ गो ते, पाय सरळ झाला ना’, आणि सहा महिन्यांत पाऊल पुन्हा वळते.

उपचार यशस्वी झाला हे कसे ठरवायचे, यावर अलीकडचे बरेच संशोधन आहे. १९९४ मध्ये अमेरिकन संघटनेने शंभर गुणांचे एक मापन आणले आणि जगभर, भारतातही, शेकडो निबंधांत ते वापरले गेले. त्यात घोट्याची वर-खाली हालचाल एकूण ३० अंश असली की त्या रकान्याचे पूर्ण ८ गुण मिळतात. उकिडवे बसायला पाऊल वर किती वळते हे बघावे लागते, आणि मांडी घालायलाही निराळी हालचाल लागते. ते प्रश्न त्यात नाहीत. चालण्याचे अंतर शहरातल्या ‘ब्लॉक’मध्ये मोजायचे, सहाहून जास्त असतील तर पूर्ण गुण. सत्तरी तालुक्यातल्या खेड्यातल्या रुग्णाला याचे भाषांतर करून विचारणारा निवासी डॉक्टर बहुधा ‘देवळापर्यंत जाऊन येता का?’ असे विचारतो आणि अंदाजाने खूण करतो. मापनाच्या मर्यादा लक्षात आल्यावर त्याच संघटनेने पुढे त्याचा वापर टाळायला सांगितले. त्याच्या जागी रुग्णाने स्वतः भरायच्या प्रश्नावल्या आल्या. त्या जुन्या मापनात शिडी चढण्याचा प्रश्न होता, माड चढण्याचा नव्हता. माडाच्या खोडाला पकडताना पाडेली दोन्ही तळवे आत वळवतो, ते वळणे टाचेच्या वरच्या सांध्यात घडते, आणि टाच फुटल्यावर नेमका तोच सांधा आखडतो.