मुख्याध्यापक आणि मुलांचे शिकणे : साठ वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात एक कलम होते. वंश, वर्ण, धर्म यांमुळे शिक्षणाची संधी कुणाला कितपत नाकारली जाते याची देशभर पाहणी करून दोन वर्षांत अहवाल द्यावा, असे त्यात म्हटले होते. हे काम समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्याकडे आले. सुमारे चार हजार शाळा आणि सहा लाखांहून अधिक विद्यार्थी पाहणीत घेतले गेले. जुलै १९६६ मध्ये अहवाल बाहेर आला आणि सगळ्यांचीच पंचाईत झाली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत पुस्तके, प्रयोगशाळा, इमारती कमी, म्हणून त्यांचे गुण कमी, असे चित्र निघेल असे धरून सगळे चालले होते. प्रत्यक्षात साधनांतला फरक वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. मुलाचे घर कसे आहे आणि वर्गात शेजारी कोण बसते, याचाच प्रभाव शाळेतल्या बहुतेक गोष्टींहून अधिक दिसला.

लोकांनी यातून काढलेला अर्थ फार ढोबळ होता: शाळेने फारसे काही होत नाही. कोलमन असे म्हणाले नव्हते. पण त्यांच्या पाहणीत एक मोठी उणीव होती, आणि पुढचा सगळा शोध तिच्यातूनच सुरू झाला. शाळेत किती पुस्तके आहेत हे मोजता येते. शाळेच्या आत दिवसभर काय चालते हे तसे मोजता येत नाही. मुख्याध्यापकांकडूनही प्रश्नावल्या भरून घेतल्या होत्या. पण त्यांचे शिक्षण नि अनुभव विचारून त्यांच्या असण्याने शाळेत काय बदलते हे कसे कळणार?

उलटा प्रश्न विचारला तो अमेरिकी अभ्यासक जॉर्ज वेबर यांनी, १९७१ मध्ये. गरीब वस्तीतली अशी एखादी शाळा आहे का, जिथली मुले तिसरी संपताना व्यवस्थित वाचतात? त्यांना अशा चार शाळा सापडल्या: न्यूयॉर्कमध्ये दोन, कॅन्सस सिटीत एक आणि लॉस एंजेलिसमध्ये एक. चारही शाळांत समान काय, याची जी यादी त्यांनी केली तिच्यात खंबीर नेतृत्व होते, मुलांकडून भरपूर अपेक्षा होत्या, वाचनावर भर होता आणि कोणते मूल कुठवर आले याची नियमित तपासणी होती. चार शाळा म्हणजे पुरावा म्हणून फारच तुटपुंज्या. पण 'होतच नाही' म्हणणाऱ्यांना गप्प करायला तेवढ्याही पुरतात.

हा युक्तिवाद सर्वांत धारदार केला तो रॉन एडमंड्स यांनी. मिशिगनमध्ये वाढलेले हे कृष्णवर्णीय संशोधक हार्वर्डमध्ये होते आणि न्यूयॉर्क शहराच्या शाळा खात्यातही त्यांनी काम केले. १९७९ च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखाचा आशय असा, की गरिबांची मुले शिकवणारी एक जरी शाळा दाखवता आली, तरी बाकीच्या शाळांची सबब संपली. मग उरतो तो फक्त इच्छेचा प्रश्न. चांगल्या शाळेच्या त्यांच्या पाच कसोट्यांत पहिली होती प्रशासकाचे बळकट नेतृत्व. त्याच वर्षी मिशिगनमधल्या शाळांवर विल्बर ब्रूकओव्हर आणि लॉरेन्स लेझोट यांचा अभ्यास आला, आणि लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी बारा माध्यमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की सारख्याच वस्तीतून येणारी मुले वेगवेगळ्या शाळांत वेगवेगळी घडतात. १९८० चे दशक उजाडेपर्यंत 'परिणामकारक शाळा' ही एक चळवळच झाली होती. एडमंड्स १९८३ मध्ये गेले, पन्नाशीही गाठली नव्हती.

या चळवळीतला मुख्याध्यापक जरा नाटकी होता. पडक्या शाळेत येतो, सगळ्यांना सरळ करतो, निकाल वर नेतो. संशोधकांना यात लवकरच खोट दिसली. उत्तम शाळा निवडायच्या आणि त्यांत काय समान आहे ते पाहायचे, या पद्धतीत कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. मुख्याध्यापक खंबीर म्हणून शाळा चांगली, की शाळा आधीच रुळावर असल्याने मुख्याध्यापकाला खंबीर दिसणे परवडते? ब्रायन रोवान आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्येच सावधगिरीचा इशारा दिला होता.

१९८५ मध्ये फिलिप हॅलिंजर आणि जोसेफ मर्फी यांनी मुख्याध्यापकाच्या शैक्षणिक कामाची दहा कार्यांत मांडणी करून मापनश्रेणी दिली. ती जगभर वापरली गेली. मग हॅलिंजर आणि रोनाल्ड हेक यांनी १९८० ते १९९५ या काळातले अभ्यास एकत्र वाचले. त्यांचा निष्कर्ष आजही टिकून आहे: मुख्याध्यापकाचा मुलांच्या गुणांवर थेट परिणाम जवळजवळ दिसत नाही, जो दिसतो तो शिक्षकांमार्फत, शाळेच्या उद्दिष्टांमार्फत, वातावरणामार्फत. परिणाम छोटा, पण खरा. नाटकातला नायक इथे गेला. त्याच्या जागी आला तो दुसऱ्याच्या हातून काम करवून घेणारा माणूस. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच, आणि नेमके हेच धोरण आखणाऱ्यांच्या पचनी पडलेले नाही.

२००४ मध्ये केनेथ लिथवूड आणि सहकाऱ्यांनी वॉलेस फाउंडेशन या अमेरिकी संस्थेसाठी जो आढावा लिहिला, त्यातले एक वाक्य प्रशिक्षणांमधून फार फिरते: शाळेतल्या घटकांपैकी वर्गातल्या अध्यापनाच्या खालोखाल नेतृत्वाचा नंबर लागतो, आणि शाळेच्या एकूण परिणामातला सुमारे पाव वाटा त्याचा. हा पाव वाटा मुलाच्या गुणांतला नव्हे. शाळेमुळे जो फरक पडतो त्यातला पाव. आणि गुणांतल्या एकूण फरकात शाळेचा वाटा घराच्या मानाने आधीच लहान. हे विसरले की मुख्याध्यापकाच्या गळ्यात नको तेवढी जबाबदारी पडते.

मग नेमके केल्याने काय होते? न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि दोन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये २७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. प्रेरणा देणारे, स्वप्न दाखवणारे नेतृत्व एका बाजूला आणि शिकण्या-शिकवण्यात लक्ष घालणारे नेतृत्व दुसऱ्या बाजूला ठेवले, तर दुसऱ्याचा परिणाम तिप्पट ते चौपट निघाला. त्यातही शिस्तीचे, सुरक्षित वातावरण राखण्याचे परिणाममूल्य (परिणाम किती मोठा हे सांगणारा आकडा) ०.२७ आणि उद्दिष्टे ठरवण्याचे ०.४२. सर्वांत वर, ०.८४ वर होती ती शिक्षकांच्या शिकण्याला चालना देण्याची आणि त्यात स्वतः सहभागी होण्याची बाब. शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवून आपण कार्यालयात बसणे यात मोडत नाही. मुख्याध्यापक त्यांच्यासोबत बसतो, शिकतो, आणि अपूर्णांक शिकवताना मुले कुठे अडतात यावर बोलू शकतो. अध्यापन सोडून पंधरा वर्षे झालेल्याला हे अवघडच जाते.

यावर कुणी म्हणेल, आमचे सर तर रोज वर्गावर फिरतात. त्याचेही उत्तर आहे, आणि ते थोडे झोंबणारे आहे. जेसन ग्रिसम, सुझना लोब आणि बेंजामिन मास्टर यांनी फ्लोरिडातल्या मायामी-डेड जिल्ह्यात शंभरेक मुख्याध्यापकांच्या मागे निरीक्षक लावले. ते दिवसभर त्यांच्या वेळेची नोंद ठेवत. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अध्यापनाशी संबंधित कामावर जेमतेम १२.७ टक्के वेळ जात होता. त्यातला सर्वांत मोठा भाग होता वर्गांवरून पटकन चक्कर मारण्याचा. शिक्षकाला बसवून मार्गदर्शन करण्यावर एक टक्काही नाही. अध्यापनावर एकूण वेळ किती दिला, याचा मुलांच्या प्रगतीशी संबंध दिसलाच नाही. मार्गदर्शन, शिक्षकांचे मूल्यमापन, अभ्यासक्रम घडवणे यांवर गेलेल्या वेळेचा संबंध चांगला होता. नुसत्या चकरांचा संबंध उलटा होता, विशेषतः हायस्कुलांत, आणि जिथे शिक्षकांना त्या चकरांतून आपल्याला काही शिकायला मिळते असे वाटत नव्हते तिथे. 'राउंड मारणे' आपल्याकडे कर्तव्यदक्षतेची खूण समजतात, म्हणून हे मुद्दाम लांबवून सांगितले.

दरम्यान अर्थतज्ज्ञही यात उतरले होते. ग्रेगरी ब्रँच, एरिक हानुशेक आणि स्टीव्हन रिव्हकिन यांनी टेक्सासच्या नोंदींवरून अंदाज काढला, की उत्तम मुख्याध्यापकामुळे सर्वसाधारण मुलाचे शिकणे एका वर्षात दोन ते सात महिन्यांनी पुढे जाते, आणि कच्च्या मुख्याध्यापकामुळे तेवढेच मागे पडते. गरीब शाळांत हा फरक अधिक ठळक होता. २०२१ च्या मोठ्या आढाव्यात ग्रिसम, अ‍ॅना एगलाइट आणि कॉन्स्टन्स लिंडसे यांनी आकडा जरा खाली आणला: खालून मोजता शंभरांत पंचविसाव्या पायरीवरचा मुख्याध्यापक जाऊन पंचाहत्तराव्या पायरीवरचा आला, तर गणितात २.९ महिन्यांचे आणि वाचनात २.७ महिन्यांचे जादा शिकणे. पुढे टेनेसी, न्यूयॉर्क शहर आणि ओरेगनच्या माहितीवर ब्रेंडन बार्टानेन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की शाळेच्या निकालात एरवीही होणारे चढउतार या पद्धतीत मुख्याध्यापकाच्या खात्यावर जमा होतात. ते वगळले तर परिणाम बराच लहान उरतो. वाद अजून मिटलेला नाही. मला महिन्यांच्या हिशेबापेक्षा परिणाम कोणत्या वाटेने पोचतो हे जास्त कामाचे वाटते, आणि त्या वाटेबद्दल मतभेद कमी आहेत.

भारत या कथेत उशिरा येतो. २०१५ मध्ये निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी आठ देशांतल्या १,८०० हून अधिक शाळांचे व्यवस्थापन मोजले. त्यात सर्वांत कमी गुण भारताला मिळाले. त्याच सुमारास मध्य प्रदेशात मोठा प्रयोग चालू होता. शाळेचे मूल्यांकन करायचे, सुधारणेचा आराखडा बनवायचा, वरून पाठपुरावा करायचा. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांनी तो यादृच्छिक निवडीने, म्हणजे कोणत्या शाळा प्रयोगात घ्यायच्या हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, तपासला. मूल्यांकने झाली, आराखडेही बनले. शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात फरक शून्य. शिक्षक आणि अधिकारी दोघांनाही तो कागदी कामाचाच भाग वाटला. तरीही तोच साचा 'शाळासिद्धी' म्हणून देशभर गेला. तक्ते भरून घेणाऱ्याला परिणाम कोणत्या वाटेने जातो याच्याशी कर्तव्य नसते.

महाराष्ट्रात आणखी एक पेच आहे, तो निवडीचा. खाजगी अनुदानित शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीनुसार मुख्याध्यापकपद पात्र शिक्षकांतल्या सर्वांत ज्येष्ठाकडे जाते. यामागचे कारण रास्त होते. संस्थाचालकांच्या मर्जीतला, नात्यातला माणूस वर बसवला जाऊ नये, म्हणून ज्येष्ठता हे कुंपण घातले. कुंपणाने वशिला काही अंशी अडला. पण निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरलेला माणूस खुर्चीवर येतो, आणि त्याची ती वर्षे संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदे ठरवणे), यू-डायस (शाळांच्या माहितीची सरकारी नोंद), पोषण आहाराच्या नोंदी आणि वेतनाच्या देयकांत जातात.

जिल्हा परिषदेच्या शाळांचा प्रश्न याहून मुळातला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी मुख्याध्यापकाचे पद धरले आहे ते दीडशेहून अधिक पट असेल तरच. दोन शिक्षकी शाळेत त्यांतलाच एक प्रभारी असतो. त्याने कुणाला मार्गदर्शन करायचे? त्यामुळे परदेशी संशोधनातला 'प्रिन्सिपल' जर आपल्या खेड्यात शोधायचा असेल तर तो केंद्रप्रमुखात, म्हणजे जवळच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्यात, शोधावा लागतो. जवळच्या शाळा एका मोठ्या शाळेभोवती गुंफाव्यात ही शालासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने जून १९६६ मध्ये दिलेल्या अहवालातली आहे. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने ती पुन्हा उचलली. राज्यात केंद्रप्रमुखांची पदे नव्वदच्या दशकातच निर्माण झाली, आणि त्यांतली निम्मी ज्येष्ठतेऐवजी विभागीय परीक्षेतून भरायची असे २०२२ मध्ये ठरले.

या केंद्रप्रमुखाकडे दरमहा शिक्षण परिषद असते. केंद्रातले सगळे शिक्षक एकत्र येतात, एखादा नमुना पाठ होतो, चर्चा होते. रॉबिन्सन यांच्या ०.८४ ला आपल्याकडे जागा असेल तर ती इथे. परिपत्रके वाचून दाखवण्यात आणि 'माहिती तातडीने द्या' या सूचनांत ती दुपार संपते, ही शिक्षकांची जुनी तक्रार आहे.