वैद्याची परीक्षा घ्यायची कोणी? गोव्यातील वैद्यकीय परवान्यांची पार्श्वभूमी

फोंड्याच्या बाजारातून जाताना दवाखान्यांच्या पाट्या वाचा. एकीवर एमबीबीएस, शेजारी बीएएमएस, पुढच्या वळणावर बीएचएमएस, आणि नावाखाली बारीक अक्षरांत नोंदणी क्रमांक. माझी आई तो क्रमांक कधी पाहत नाही. डॉक्टर कोणाचा कोण, एवढेच विचारते. पण त्या आकड्यापर्यंत पोहोचायला गोव्याला चार शतके लागली.

पोर्तुगीज आले तेव्हा इथे वैद्य होतेच. पोर्तुगीज त्यांना ‘पंडित’ म्हणत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताचा औषधींवरील ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्यात मालुपा नावाचा हिंदू वैद्य चर्चेला येतो आणि ओर्ता त्याचे म्हणणे ऐकून घेतो. चारच वर्षांनी, 1567 मध्ये, गोव्यातल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रुग्णांनी हिंदू वैद्यांकडे जाऊ नये असे ठरवले. ते किती पाळले गेले? 1583 ते 1588 या काळात आर्चबिशपच्या पदरी असलेला डच माणूस लिन्स्कोटेन लिहून गेला आहे, की खुद्द व्हाइसरॉय, आर्चबिशप आणि पाद्री आपल्या देशबांधवांपेक्षा या वैद्यांवरच जास्त भरवसा ठेवत. बंदी घालणारेच नाडी दाखवायला पंडिताकडे जात होते.

मग आला 1618 चा नियम, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा तोच. गोवा शहराच्या सेनादोने, म्हणजे नगरपरिषदेने, ठरवले, की ‘फिजिको-मोर’ म्हणजे मुख्य सरकारी वैद्याकडे परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करायची नाही आणि हिंदू वैद्यांची संख्या तीसच्या वर जाऊ द्यायची नाही. परीक्षा असावी हे योग्यच. रुग्णाचा जीव कोणाच्याही हाती देता येत नाही. पण परीक्षक युरोपीय वैद्यकात तयार झालेला. वात, पित्त, कफ, नाडी, पथ्य यांतले तो काय तपासणार होता? आणि तीस हा आकडा तर ज्ञानाचे माप नव्हेच. युरोपीय वैद्यांसाठी अशी मर्यादा नव्हती, हे मला आजही खुपते.

हा अंमल जुन्या काबिजादीपुरता, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलखापुरता होता, हेही ध्यानात ठेवायला हवे. फोंडा महाल पोर्तुगिजांकडे आला 1763 मध्ये. तोवर तिथल्या वैद्याला फिजिको-मोरशी काही देणेघेणे नव्हते. पुढे त्याच फोंड्यात दादा वैद्य (रामचंद्र पांडुरंग वैद्य) आयुर्वेदाचे नामांकित चिकित्सक आणि समाजसुधारक म्हणून गाजले, आणि तिथल्या चौकाला त्यांचेच नाव आहे.

1842 मध्ये पणजीत ‘एस्कॉला मेदिका’ ही वैद्यकीय शाळा सुरू झाली. आता परीक्षा शाळेची, पदवी शाळेची. मात्र या शाळेचा गोमंतकीय डॉक्टर आफ्रिकेतल्या वसाहतींत रोगराईशी झुंजायला चालायचा, पण लिस्बनच्या डॉक्टरची बरोबरी त्याला मिळत नसे. पंडितांवर जो दुजाभाव झाला, तो पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्याच्याही वाट्याला आला. मुक्तीनंतर, 1963 मध्ये, याच संस्थेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले.

वैद्याची परीक्षा वैद्याने घ्यावी, हे कायद्याने देशभर मान्य झाले ते 1970 च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायद्याने. होमिओपॅथीला तेच 1973 मध्ये मिळाले. गोव्याचा स्वतःचा मेडिकल कौन्सिल कायदा 1991 चा. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका प्रकरणात स्पष्ट केले, की होमिओपॅथीची नोंदणी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधे देणे हा निष्काळजीपणाच आहे. म्हणजे परीक्षा ज्या शास्त्राची, परवाना त्याच शास्त्राचा. 1618 मध्ये नेमके हेच कोणाला सुचले नव्हते. 2019 आणि 2020 च्या कायद्यांनी जुन्या केंद्रीय परिषदा जाऊन आयोग आले, तरी वेगळ्या नोंदवह्या राहिल्या.

राहिले ते गावठी औषधवाले. कामीण (कावीळ) झाली की आजही माणसे सकाळी उपाशीपोटी त्यांच्या अंगणात बसतात. सहाणेवर मुळी उगाळून ती ताकात कालवली जाते, आणि ‘तेल-तिखट बंद’ एवढेच सांगितले जाते. 1970 च्या कायद्याने अशांना एक खिडकी ठेवली होती: ज्या राज्यात नोंदवही नव्हती, तिथे आधीपासून किमान पाच वर्षे भारतीय वैद्यकी करणाऱ्याचा हक्क कायम. ती त्या पिढीपुरतीच होती. मुलाला किंवा सुनेला ती मुळी ओळखता येते, पण पदवी नाही, म्हणून नोंदणी नाही.

डिसेंबर 2022 मध्ये पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन झाले. त्याच पेडण्यातल्या वाड्यांवर मुळ्या ओळखणारी जी म्हातारी माणसे उरली आहेत, त्यांच्याकडून रुग्णाच्या जिवाला धोका नको, आणि त्यांची ओळखही वाया जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्यांना तपासायचे तर परीक्षकाला आधी त्यांच्याबरोबर रानात जावे लागेल.