कॅनॉल (शब्द)

माणसाने खोदून काढलेला पाण्याचा मार्ग, म्हणजे कालवा. अर्थ एवढाच, कोल्हापूर जिल्ह्यातल्या काळम्मावाडी धरणाच्या खाली कुणालाही विचारा. सरकारी कागदावर 'दूधगंगा डावा कालवा' असतो आणि बोलताना 'कॅनॉलला पाणी सुटलं का' एवढंच. शेतात शिरल्यावर तेच पाणी पाटात येतं आणि मग दारं धरायला, म्हणजे पाणी सरीसरीत वळवायला, माणूस लागतो, तिथं इंग्रजी संपतं.

खरा घोळ आहे तो शब्द आला कुठून याचा. इंग्रजीत तो साधारण १५व्या शतकात आला, फ्रेंचमधून की थेट लॅटिनमधून हे दोन्ही सांगतात, आणि तेव्हा अर्थ होता नळी, पाईप. खोदलेला जलमार्ग हा अर्थ १७व्या शतकातला. चॅनेल त्याचाच सख्खा भाऊ, पण जुन्या फ्रेंचमधून शंभर-दीडशे वर्षं आधीच आलेला, म्हणून क चा च झालेला. तिसरा भाऊ केनेल, म्हणजे रस्त्याकडेचं गटार, आता कुणी वापरत नाही (कुत्र्याचं केनेल वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही). तिघांचं मूळ लॅटिन कानालिस, ते कान्ना म्हणजे बोरू, वेत असल्या पोकळ दांड्यावरून. लॅटिनने तो ग्रीकमधून घेतला आणि ग्रीकांनी बहुधा सेमिटिक (अरबी, हिब्रूच्या कुळातल्या) भाषांतून, कारण प्राचीन इराकातल्या अक्कडीत कनू, हिब्रूत काने, दोन्हीचा अर्थ बोरूच. इराणातले कनात, म्हणजे जमिनीखालचे पाण्याचे बोगदे, पण अरबीतल्या याच घरातले. काहीजण अजून मागं सुमेरियनपर्यंत (तिथलीच, पण सेमिटिक नसलेली जुनी भाषा) जातात, पण अक्कडी शब्द सेमिटिक घरचाच मानणं जास्त सरळ पडतं.

आता गंमत अशी की ऊस म्हणजे केन, तोसुद्धा याच कान्नाचा. म्हणजे कॅनॉलच्या पाण्यावर वाढलेला ऊस ट्रॉलीत भरून कारखान्याच्या केन यार्डात नंबर लावून उभा असतो तेव्हा पाणी आणि पीक दोन्ही एकाच बोरूची पोरं. बागेतल्या कर्दळीचं शास्त्रीय नाव कान्ना, तेही तिथलंच. मराठी नळ पण अशाच वाटेने आलाय, संस्कृत नड, नल म्हणजे बोरूसारखं गवत, मग नळी, मग नळ. ही उसनवारी नव्हे, पोकळ काडी बघून दोन्हीकडं सुचलेली तीच गोष्ट.

कोल्हापुरात मात्र कॅनॉलपेक्षा बंधारा जास्त बोलला जातो. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून नदीतच पाणी अडवतात, मग मोटर लावून पाईपने वर उचलायचं. पाईप म्हणजे परत नळीच.

कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, 'चॅनेल दे' म्हटलं तर टीव्ही नाही, ७५ बाय ४० मिलिमीटरचा लोखंडी तुकडा हातात येतो, तीन बाजू बंद आणि एक उघडी. आडवा ठेवून वरून पाणी ओतलं तर पाटासारखं वाहतं, नाव त्यावरूनच.