जीपचा टाकू की ‘नाइन इंच’ मागवू? मागच्या एक्सलची पार्श्वभूमी

गेल्या पावसाळ्यात इंदुरात मित्राच्या कॉन्टेसा गाडीचा डावा हाफ शाफ्ट, म्हणजे मागच्या एक्सलमधला चाक फिरवणारा दांडा, गेला. सिग्नल सुटला, त्याने क्लच सोडला आणि मागून बंदुकीसारखा बार झाला. शाफ्ट उपसला तर टोकावरच्या स्प्लाइनचे, म्हणजे खाचांचे, सरळ दात करंजीच्या मुरडीसारखे पिळलेले. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट, अर्धा चकचकीत. म्हणजे तडा जुनाच, त्या दिवशी फक्त निकाल लागला. बॉनेटखाली मूळपेक्षा थोरलं इंजिन बसवलंय, हे वेगळं सांगायला नकोच.

मग सल्ले सुरू झाले. लोहामंडीत एकाने सांगितलं, जीपचा एक्सल टाका. दुसरा म्हणाला, अमेरिकेहून फोर्डचा ‘नाइन इंच’ एक्सल मागवा, जन्माची चिंता मिटेल. दोन्ही सल्ल्यांमागे बराच इतिहास आहे आणि तो ठाऊक नसला की पैसे जातात.

इंजिनाची ताकद लांब प्रॉपेलर शाफ्टने मागे येते. त्याच्या टोकाचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, तो एक्सलमधलं मोठं दातेरी चाक, म्हणजे क्राऊन व्हील, फिरवतो. पूर्वी पिनियन क्राऊनला बरोबर मध्यरेषेवर भिडायचा. १९२६ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने गाडीत हायपॉइड गिअर आणले आणि पिनियन मध्यरेषेच्या खाली गेला. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टही उतरला, गाडीची बैठक खाली आली. शिवाय पिनियन जाड करता आला आणि एका वेळी जास्त दात भिडू लागले. बदल्यात हे दात एकमेकांवर लोळतात तसे घासतातही, म्हणून त्यांना साधं तेल चालत नाही, जास्त दाब सोसणारं ईपी तेलच लागतं.

फोर्डने १९५७ मध्ये नऊ इंची क्राऊनचा एक्सल काढला, तो काही शर्यतीसाठी नव्हे. सेडान, स्टेशन वॅगन, पिकअप अशा रोजच्या गाड्यांखाली तो जायचा आणि १९८६ पर्यंत बनत राहिला. त्याचा पिनियन मध्यरेषेच्या सुमारे सव्वादोन इंच खाली, म्हणजे इतरांपेक्षा बराच खोल. पिनियनच्या आतल्या टोकालाही एक बेअरिंग असल्याने जोर आला तरी तो क्राऊनपासून दूर ढकलला जात नाही. पण शर्यतवाल्यांना भुरळ पडली ती निराळ्याच सोयीची. क्राऊन, पिनियन आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल असा सगळा संसार एकाच बिडाच्या घरात, आणि शाफ्ट उपसले की तो पुढच्या बाजूने अखंड बाहेर येतो. गाडीखाली उताणं पडायला नको. टेबलावर ठेवून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, लावा, दातांना रंग फासून ठसा बघा, सकाळी ३.५० चा रेशो (क्राऊन-पिनियनच्या दातांचं प्रमाण), दुपारी ४.११ चा. खोल पिनियनची किंमत मोजावी लागते ती घर्षणात, थोडी ताकद तेल तापवण्यात जाते. आणि नाव एकच असलं तरी आत शाफ्ट २८ स्प्लाइनचे की ३१ चे, घर साध्या बिडाचं की जास्त चिवट नोड्युलर बिडाचं, यावर सारा फरक. नुसतं ‘नाइन इंच’ म्हणणं हे नुसतं ‘पैठणी’ म्हणण्यासारखं आहे.

क्रायस्लरची वाट वेगळी. १९६६ पासून ४२६ हेमी हे जबर ताकदीचं इंजिन आणि चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स असलेल्या गाड्यांना त्यांनी डाना ६० एक्सल दिला, पावणेदहा इंची क्राऊनचा, ट्रकांच्या कुळातला. तेच इंजिन ऑटोमॅटिकबरोबर असलं तर मात्र पावणेनऊ इंची क्राऊनवर भागवलं. ऑटोमॅटिकमध्ये क्लचऐवजी असलेला टॉर्क कन्व्हर्टर धक्का पचवतो. क्लच झटक्यात सोडला की तोच धक्का थेट दातांवर आणि शाफ्टवर आदळतो. मित्राच्या गाडीत हेच झालं. डाना ६० बळकट खरा, पण जड. हे सगळं वजन स्प्रिंगच्या खाली येतं आणि खड्ड्यात मागचं चाक लवकर जमिनीला टेकत नाही. जनरल मोटर्सचा बारा बोल्टांचा एक्सलही चांगला, फक्त त्यात शाफ्ट आतल्या टोकाला एका छोट्या सी आकाराच्या क्लिपने अडकवलेला असतो. शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर सरकू शकतो. मला ती रचना कधीच पटली नाही.

आता जीप. जुन्या महिंद्रा जीपचा मागचा एक्सल डाना ४४ च्या घराण्यातला, क्राऊन साडेआठ इंची, चिवटपणाबद्दल वादच नाही. पण तिच्या ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीतून) मागचा शाफ्ट उजवीकडून निघतो, म्हणून डिफरन्शियलचा गोळाही मध्यावर नसून उजव्या अंगाला. कॉन्टेसाचा प्रॉपेलर शाफ्ट येतो मधल्या बोगद्यातून. त्यात जीपची डावी-उजवी चाकं कॉन्टेसापेक्षा एकमेकांच्या जवळ, आणि एक्सल पाट्यांच्या स्प्रिंगवर बसणारा. कॉन्टेसाला मागे कॉइल स्प्रिंग आणि आर्म, त्यांचे ब्रॅकेट नव्याने वेल्ड करायचे. वेल्डिंगच्या उष्णतेने घर वाकलं की बेअरिंग खाल्लीच म्हणून समजा.

मुळात कॉन्टेसा ही इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरची भारतीय बहीण. १९८४ मध्ये ती ॲम्बेसेडरच्याच दीड लिटर इंजिनावर आली. पुढे १८१७ सीसीचं इसुझू इंजिन मिळालं, ज्याचा कारखाना आपल्या शेजारी पीथमपूरला होता. तेवढ्या ताकदीला तिचा एक्सल पुरेसा होता. त्याच्यावर अन्याय आपण करतो, आधी मोठं इंजिन घालून, मग रुंद टायर घालून. टायर घसरत होते तोवर तेच फ्यूजचं काम करत होते. त्यावर कोणी लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा डिफरन्शियल, बसवला तर आणखीच पंचाईत, कारण साध्या डिफरन्शियलमध्ये जोर दोन शाफ्टांत निम्मानिम्मा वाटला जातो, लॉकरमध्ये एका चाकाची पकड सुटली की सगळा दुसऱ्यावर.

म्हणून मित्राला म्हटलं, क्राऊन-पिनियन अजून शाबूत आहेत, मोडलाय तो शाफ्ट. मग अख्खा एक्सल कशाला? त्याने घर तेच ठेवलं आणि ईएन २४ या मजबूत पोलादाचे दोन शाफ्ट करायला टाकले. लेथवाल्याला स्प्लाइन मोजायला सरळ दात हवे होते, म्हणून उजवा, न तुटलेला शाफ्टही उपसावा लागला. त्याच्या दातांनाही किंचित पीळ बसला होता.